बंद पेट्रोल पंप गावाच्या कामी कसा आणावा

विदर्भात जुन्या हायवेने कुठेही निघालात तरी वाटेत एखादा बंद पेट्रोल पंप दिसतोच. रस्ता चौपदरी झाला, बायपासने गावाला वळसा घातला आणि ट्रक तिकडून जायला लागले, अशी अनेकांची गोष्ट. काही पंप २००८ मध्ये बंद झाले. तेव्हा कच्चं तेल भडकलं होतं. सरकारी कंपन्या सरकारच्या आधाराने स्वस्तात विकत होत्या आणि खासगी पंपांना त्या भावात टिकता आलं नाही. काही ठिकाणी वारसांचा वाद, काही ठिकाणी बँकेचं कर्ज. कारण कोणतंही असो, मागे उरतं ते सारखंच असतं: उंच शेड, काँक्रीटचं आवार, एक केबिन, संडास, बोअर आणि रस्त्याला लागून मोक्याची जागा.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. एसटीची वाट पाहणारी म्हातारी माणसं, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, या सगळ्यांना आधी सावली लागते. अशी मोठी, पक्की, चारही बाजूंनी मोकळी सावली पंपाइतकी दुसरीकडे क्वचितच तयार मिळते. म्हणून ही जागा गावाने मिळवावी असं मला मनापासून वाटतं. मात्र पंपाची खरी अडचण जमिनीखाली असते. रंग, बाक, पुस्तकांची कपाटं यांचा विचार टाकीचा निकाल लागल्यावरच करायचा. हा क्रम उलटला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी कागद

तलाठ्याकडून सातबारा आणि सगळे फेरफार काढा. जागा कोणाच्या नावावर आहे, अकृषिक कधी झाली, भोगवटादार वर्ग १ की २ (वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय सहसा दुसऱ्याला देता न येणारी जमीन), आणि ‘इतर हक्क’ रकान्यात कोणाचा बोजा आहे का, एवढं आधी पाहा. गावठाणालगत किंवा शहराच्या कडेला असेल तर जागा नझूलची, म्हणजे वस्तीतली सरकारी मालकीची, आहे का तेही विचारा. विदर्भात हा प्रश्न हमखास निघतो.

जमीन आणि धंदा यांचे मालक बऱ्याचदा वेगळे असतात. कुठे जमीन तेल कंपनीची, कुठे डीलरची, तर कुठे एखाद्या कास्तकाराने वावराचा तुकडा कंपनीला वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला. भाडेपट्टा संपला असेल तर जमीन कास्तकाराकडे परत येते, पण टाक्या आणि मशीन बहुधा कंपनीच्याच राहतात. त्यामुळे नुसत्या जमीनमालकाचा होकार घेऊन कुदळ मारू नका. कंपनीच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या आणि पोच घ्या.

दुसरा कागद परवान्याचा. पेट्रोलियम अधिनियम १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ यांखाली पंपाला ‘फॉर्म १४’चा परवाना लागतो. तो पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना देते. लोक तिला पेसो म्हणतात, जुनी माणसं अजून ‘एक्स्प्लोझिव्हवाले’ म्हणतात. देशभराच्या या संस्थेचं मुख्यालय नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. परवाना रद्द झाला आहे, नुसता मुदत संपून पडला आहे की अजून चालू आहे, हे तिथून लेखी मिळवा. पंपाच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांनी ‘ना हरकत’ दिलेली असते. तिच्या फाइलमध्ये नकाशा असतो. त्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. टाक्या किती, कुठे, केवढ्या आणि पाइप कुठून कुठे गेलेत हे त्या नकाशावर कळतं आणि पुढचं सगळं काम त्यावर चालतं.

जागा गावाच्या ताब्यात घेण्याचे मार्ग दोन: ग्रामपंचायतीच्या नावाने बक्षीसपत्र किंवा लांब मुदतीचा भाडेपट्टा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचं ‘संमतीपत्र’ पुढे वारसांच्या भांडणात टिकत नाही. खासगी जागेवर सरकारी निधी खर्चता येत नाही, म्हणूनही हे पहिल्याच झटक्यात नीट करावं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती नावापुरती उरकू नका. जागा रात्री कशी वाटेल, संडास कुठे हवा, दारूडे येऊन बसतील का, हे तिथेच बोललं जातं. गडचिरोलीत किंवा यवतमाळ, चंद्रपूर, मेळघाटातल्या पेसा कायद्याच्या गावांत ग्रामसभेचा शब्द अधिक वजनदार आहे. (हा पेसा १९९६ चा, आदिवासी स्वशासनाचा. नागपूरच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. अर्ज लिहिताना गोंधळ होतो म्हणून सांगितलं.)

टाकी: इथे घाई अजिबात नको

‘टाकी तर कधीचीच रिकामी आहे’ हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल आणि गाळ राहतो, वर वाफ साठते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीवर ती पेट घेते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत ते शांत नसतं. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असल्यामुळे उडून जात नाही. ती टाकीवरच्या चेंबरमध्ये, वायरींच्या नालीत, खड्ड्यात बसून राहते. डिझेल एवढं तापट नसलं, तरी एकाच आवारात दोन्हींच्या टाक्या असतात.

म्हणून टाकीचा निकाल लागेपर्यंत आवारात गॅस कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडर, विडी-काडी, शेकोटी काहीही नको. भंगारवाला ‘मी फुकटात काढून नेतो’ म्हणेल, त्याला हात जोडून परत पाठवा. झाकण उघडून कोणी खाली वाकू नये, आत उतरणं तर दूरच. विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेलाही वर येत नाही, अशा बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. टाकीत तेच होतं, वर आगीचा धोका.

टाकी रिकामी करणं, धुणं, वाफमुक्त करणं आणि तसा लेखी दाखला घेणं ही परवानाधारकाची, म्हणजे कंपनी किंवा डीलरची जबाबदारी आहे. तुम्ही मागे लागा, काम मात्र त्यांनाच करू द्या. काम करणारे नायट्रोजनसारखा वायू सोडून किंवा पाणी भरून वाफ बाहेर काढतात, यंत्राने आतली हवा मोजतात आणि सक्षम व्यक्तीच्या सहीचा ‘गॅस फ्री’ दाखला देतात. त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. दाखल्याची तारीख नीट वाचा. दाखला मिळून मध्ये बरेच दिवस गेले असतील तर कापकामाच्या आधी पुन्हा मोजणी करायला लावा, कारण तळाचा गाळ पुन्हा वाफ सोडतो.

भारतात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. पंप त्याआधीचा असेल तर गाळात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. टाकीतला गाळ हा २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. तो नालीत, वावराच्या धुऱ्यावर किंवा उकिरड्यावर टाकता येत नाही. अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीचं सामाईक केंद्र बुटीबोरीच्या एमआयडीसीत आहे. गाळ तिथे पोचल्याची पावती मागा.

पुढचा प्रश्न असतो टाकी काढायची की जागेवरच भरायची. शक्य असेल तर काढावी. खालची माती तेव्हाच डोळ्यांनी दिसते. शेडचा पाया फार जवळ असेल तर मात्र वाळूच्या किंवा सिमेंटच्या पातळ मिश्रणाने ती गच्च भरतात. ती पोकळ ठेवून द्यायची नाही, त्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बुडाली तर पाणी तिला जवळपास वीस टनांच्या जोराने वर ढकलतं आणि टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढे फारच कमी असतं. काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरायला वेळ लागतो, खड्डा भरतो आणि बंद पंपाचं काँक्रीट फाडून टाकी वर येऊ शकते. फरशीला टाकीच्या जागी फुगवटा दिसला तर समजून जा.

काढायचं काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत करा. काळी माती ओली झाली की खड्ड्याच्या कडा ढासळतात. खड्डा बुजवताना तीच काळी माती परत टाकू नका. ती फुगते आणि आकसते, दोन पावसाळ्यांत फरशीला भेगा पडतात. मुरूम टाका, थरावर थर, पाणी मारून आणि रोलर फिरवून.

अनेकजण विचारतात, टाकी धुऊन पावसाचं पाणी साठवलं तर? नको. पिण्याला नको, गुरांना नको, वांग्या-टमाट्यांनाही नको. लोखंडात आणि सांध्यांत मुरलेलं तेल धुण्याने जात नाही.

माती आणि विहीर

गळती झाली असेल तर ती टाकीच्या खड्ड्यात, मशीनच्या खाली किंवा पाइपाच्या सांध्यांपाशी सापडते. नमुने तिथूनच घ्यायला सांगा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळून दूर जातं. बेंझिनने कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पश्चिम विदर्भात खाली बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून वाहतं, त्यामुळे उताराच्या दिशेची विहीर बिघडेलच आणि वरची वाचेलच, असं धरून चालता येत नाही. आसपासच्या सगळ्या विहिरी-बोअरचं पाणी तपासा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. बेंझिन आणि पेट्रोलियम घटक वेगळे सांगून तपासावे लागतात. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालयं नागपूर, अमरावती, चंद्रपूरला आहेत. तिथे विचारलं की मान्यताप्राप्त प्रयोगशाळा कळतात.

विहिरीवर इंद्रधनुषी तवंग दिसला तर आधी काडीने ढवळून पाहा. तवंगाचे पापुद्र्यासारखे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर ते बहुधा लोहजिवाणूंचं काम. फाटलेला तवंग लगेच पुन्हा जुळून आला तर तेल. ही खात्रीची तपासणी नव्हे, पण नमुना तातडीने पाठवायचा की नाही हे ठरवायला पुरते.

प्रदूषण निघालं तर मंडळाला लेखी कळवा. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत आणि ज्याने प्रदूषण केलं त्याने खर्च सोसायचा, हे तत्त्व त्यात आहे. सफाईचा बोजा ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून उचलू नये. अहवाल स्वच्छ येईपर्यंत जागा बंद ठेवावी लागली तरी ठेवा. गावात कुरकुर होईल. होऊ द्या.

शेड

आता आनंदाचं काम. पहिल्यांदा कंपनीची नावं, चिन्हं, पट्टे उतरवा. ते कंपनीच्या मालकीचे असतात, आणि ते असेपर्यंत रात्री-बेरात्री टाकी कोरडी झालेला गाडीवाला आत शिरत राहतो. कडेचे जड पत्रे आणि उंच खांबावरचा फलकही जाऊ द्या. अवकाळीच्या वादळात आधी तेच उडतात.

खांबांचा पाया उघडून बोल्ट पाहा. बऱ्याच शेडमध्ये पावसाचा पाइप खांबाच्या आतून खाली आणलेला असतो. तो पाल्याने तुंबला की खांब आतून गंजतो आणि बाहेरून रंग चकचकीत दिसतो. हातोडीने ठोकून आवाज ऐका, पण अखेरचा निर्णय स्थापत्य अभियंत्याचा. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नागपूरचं व्हीएनआयटी अशा ठिकाणच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांसह पाहणीला बोलावून बघा. विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो, तुम्हाला तपासणी. केबिनवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका. पाणी मारून अख्खे उतरवायला सांगा.

सावलीचा एक हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेड पाच मीटर उंच असते. मे महिन्यात दुपारी चारला आपल्याकडे सूर्य साधारण ३६ अंशांवर असतो, म्हणजे शेडची सावली सहा-सात मीटर पूर्वेला सरकलेली असते. नेमकी लोक जमायच्या वेळेला शेडखाली ऊन येतं. म्हणून बाक पूर्वेच्या बाजूला ठेवा आणि पश्चिमेला बांबूचे तट्टे टांगा. बुरडाकडून करवून घ्या, त्याच्याही हाताला काम मिळतं. तट्टे काढता-घालता येतील असेच हवेत, वादळाचा अंदाज आला की गुंडाळता यावेत. पत्र्याच्या वर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्या, खालचा भपका बराच कमी होतो.

शेडला भिंती घालून सभागृह करायचा मोह होईल. ठेकेदार तर हाच आराखडा आणेल. करू नका. मोकळेपणामुळे जमिनीतून कधी वाफ आलीच तर निघून जाते. बंद खोलीत तीच साठते. शिवाय बंद सभागृहाला कुलूप लागतं, किल्ली कोणाकडे तरी जाते आणि जागा गावाची राहत नाही.

फरशी शक्य तितकी शाबूत ठेवा, ती खालच्या मातीवरचं झाकण आहे. झाडं लावायची तर आवाराच्या कडेला, स्वच्छ मातीत कडुनिंब लावा. टाकीच्या जागी भाजीपाला नको. शोषखड्डा किंवा पुनर्भरणाचा खड्डाही तिथे नको, कारण मुरणारं पाणी उरलेलं तेल आणखी खोल नेतं. शेडवरचं पाणी वाया मात्र घालवू नका. १२ बाय १० मीटरच्या शेडवर हजार मिलिमीटर पावसात, गळती-सांड धरूनही, ९० हजार लिटरच्या वर पाणी मिळतं. ते जमिनीवरच्या टाकीत घ्या आणि संडास-धुण्याला वापरा.

विजेचं कनेक्शन बहुतेक कायमचं तोडलेलं असतं. जुन्या थकबाकीचं काय, हे महावितरणकडून आधी लेखी विचारा. जुनी वायरिंग वापरू नका. अर्थिंगचे खड्डे मात्र तपासून, दुरुस्त करून कामी येतात.

जागेचं काय करायचं

कॅनडात माँट्रियल शहरातल्या नन्स आयलंडवर वास्तुविशारद मीस व्हान डेर रोह यांच्या कार्यालयाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक पेट्रोल पंप बांधला होता. तो बंद पडल्यावर २०११ मध्ये तिथे तरुण आणि वृद्ध दोघांसाठी सामुदायिक केंद्र सुरू झालं. छत तेच ठेवलं. मुद्दा एवढाच घ्यावा की दोन वेगळ्या वयांची माणसं एका छताखाली वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात. त्यांचं केंद्र काचेने बंद आहे, त्यांच्याकडे बर्फ पडतो. आपल्याला ते लागत नाही.

आपल्याकडे दिवस असा वाटून घेता येतो: पहाटे भरतीची पोरं व्यायामाला, सकाळी दूध संकलन, दुपारी एसटीचे प्रवासी आणि पाणपोई, संध्याकाळी भजन मंडळ. आठवड्यातून एकदा बचत गटांची विक्री. तूरडाळ, मोहाची फुलं, पावसाळ्यात रानभाज्या, संत्र्यांच्या पट्ट्यात संत्री. रस्त्यावरचा गिऱ्हाईक आयता मिळतो. केबिनमध्ये अभ्यासिका. ती टाकीच्या खड्ड्यापासून दूर आहे आणि आतली हवा मोजलेली आहे, याची खात्री करूनच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेली लेकरं, पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर दंडार हे लोकनाट्य, सिकलसेल तपासणीचं शिबिर, अशा सगळ्याला ही जागा पुरते.

अंगणवाडी मात्र इथे आणू नका. लहान मुलं जमिनीवर बसतात, माती तोंडात घालतात, आणि रस्ताही जवळ. चुलीवरच्या जेवणावळीही दुसरीकडे.

रस्त्याला पंपाच्या दोन वाटा असतात, आत यायची आणि बाहेर जायची. एक गाड्यांसाठी बंद करा, तिथे दगड किंवा कठडा लावा. हायवे राष्ट्रीय असेल तर महामार्गाच्या कार्यालयाची परवानगी लागेल. पंप असतानाची परवानगी पंपापुरतीच होती.

पैसा

सगळ्यात मोठा खर्च टाकीचा आणि तो परवानाधारकाचा. बाकीसाठी वित्त आयोगाचा निधी, आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीत खाणींच्या भागात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, तिथेही अर्ज करा. पण आराखडा ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात आलेला असला पाहिजे, नाहीतर कुठलीच फाइल हलत नाही. श्रमदान मागायचं तर कापूस वेचणीच्या दिवसांत मागू नका. पऱ्हाटी उपटून झाल्यावर माणसं मोकळी होतात.

चालू झाल्यावर

पाच-सात जणांची समिती, त्यात निम्म्या बाया. वेळापत्रक खांबावर रंगवलेलं, कोणालाही वाचता येईल असं. मृगाच्या आधी शेडचे बोल्ट, पत्रे, पन्हाळी तपासायची. विहिरींचं पाणी निदान काही वर्षं दरसाल दोनदा पाठवायचं, एकदा मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर आणि एकदा पावसाळ्यानंतर. अहवाल फाइलमध्ये पुरून न ठेवता वेळापत्रकाच्या शेजारी लावायचा. टाकी जिथे होती त्या जागेची चौकट फरशीवर पिवळ्या रंगाने आखा आणि ‘इथे खोदू नये’ असं लिहा. ती चौकट ग्रामपंचायतीच्या नकाशावरही चढवा. दहा वर्षांनी नळयोजनेचा नवा ठेकेदार जेसीबी घेऊन येईल, तेव्हा समितीत आजचं कोणी असेलच असं नाही.